जैनाबादची हिराबाई आणि आपली नजर

तापीच्या पैलतीरी, शाही किल्ल्याच्या समोर, जैनाबाद आहे. तेथील आहूखाना, म्हणजे मोगलांची हरणबाग, आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असेल. लहानपणी शाळेच्या सहलीत आपण तेथे गेलो, आणि पुढे पुण्या-नाशकाकडून कोणी सोयरे आले की त्यांना घेऊन गेलो. या एका परिसराशी दोन स्त्रियांची नावे जोडलेली आहेत. पहिली मुमताज महल. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात तिने बऱ्हाणपुरात देह ठेवला आणि ताजमहालाची जागा ठरण्यापूर्वी सहा महिने ती जैनाबादच्या मातीत विसावली होती. दुसरी हिराबाई. तिला इतिहास ‘जैनाबादी’ याच नावाने ओळखतो, कारण तिचे नाव याच वस्तीवरून पडले.

पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘‘त्या दिसायला कशा होत्या हो?’’ वाटाड्याचे उत्तरही ठरलेले असते. अप्सरेसारख्या, चंद्रासारख्या, लाखात एक. हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नाही असे मला फार दिवस वाटत आले आहे. एखादी व्यक्ती सुंदर वाटते म्हणजे नेमके काय होते? तिचा बांधा, तिची उंची, तिची कंबर यांत ते सौंदर्य असते, की पाहणाऱ्याच्या डोळ्याला ते कोणीतरी शिकवलेले असते? बऱ्हाणपूरचा इतिहास या प्रश्नाबद्दल काही सांगू शकतो. तो आपल्या घरांनाही लागू पडतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हिराबाईची हकिगत पाहू. सन १६५३ मध्ये दक्षिणेच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा नेमला गेलेला शाहजादा औरंगजेब बऱ्हाणपुरास आला आणि औरंगाबादेस जाण्यापूर्वी काही महिने येथेच राहिला. त्याचे वय तेव्हा चौतीस-पस्तीस होते. त्याच्या मावशीचे यजमान मीर खलील यांच्या पदरी हिराबाई ही दासी होती आणि ती उत्तम गात असे. त्या दोघांची दृष्टभेट कशी झाली याच्या दोन कथा आहेत.

पहिली शाहनवाजखानाच्या ‘मआसिर-उल-उमरा’ या ग्रंथात येते. शाहजादा जनान्यासह बागेत फिरावयास गेला होता. मावशीबरोबर हिराबाईही आली होती. फळांनी लगडलेला एक आंबा पाहताच, शाहजाद्याच्या उपस्थितीची पर्वा न करता, ती हसत पुढे झाली आणि उडी मारून तिने एक फळ तोडले. तेवढ्याने शाहजाद्याचे भान हरपले. दुसरी कथा हमीदुद्दीनखानाच्या नावावर असलेल्या ‘अहकाम-इ-आलमगिरी’त आहे. तीत हिराबाई झाडाची फांदी उजव्या हाताने धरून उभी आहे आणि मंद स्वरात गात आहे. ते पाहून औरंगजेब मटकन खाली बसला आणि मूर्च्छित झाला. पुढे तिच्या धन्याने हिराबाई देऊ केली ती औरंगजेबाच्या जनान्यातील छत्तरबाईच्या बदल्यात, असेही हीच बखरवजा कथा सांगते. हिराबाई ऐन तारुण्यात वारली. तिला औरंगाबादेस मोठ्या तलावाकाठी दफन करण्यात आले.

या कथांकडे पंचनामा म्हणून पाहता येणार नाही. शाहनवाजखान अठराव्या शतकातला, घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिणारा, आणि दुसऱ्या ग्रंथाचे स्वरूपच आख्यायिकांच्या संग्रहाचे आहे. परंतु दोन्हींत एक गोष्ट समान आहे. तिच्या गाण्याची आणि मोहक वागण्याची वाखाणणी आहे, पण तिचा वर्ण, उंची, कंबर, बांधा यांविषयी ज्यावरून चित्र काढता येईल असे काहीच नाही. एका ठिकाणी मोह पडतो तो उडीचा आणि न भिण्याचा, दुसऱ्या ठिकाणी स्वराचा आणि फांदी धरून उभे राहण्याच्या ढबीचा. एका कर्मठ राजपुत्राला मूर्च्छा यावी यासाठी काय पुरेसे वाटेल, याचा विचार करताना दोन्ही लेखकांना मोजमापे सुचली नाहीत, हालचाल सुचली.

मुमताजविषयी तर याहून मोठी पोकळी आहे. बाजारात हस्तिदंतावर किंवा कागदावर रंगवलेली जी तिची चित्रे मिळतात ती फार नंतरची, कल्पनेने काढलेली. परपुरुषाच्या दृष्टीस न पडणाऱ्या राजस्त्रीचे हुबेहूब चित्र चितारणे त्या दरबारात सोपे नव्हते. चित्रकार स्त्रीचा एक ठरीव नमुनाच रंगवीत. एकोणीस वर्षांच्या संसारात चौदा बाळंतपणे सोसलेल्या अडतीस वर्षांच्या स्त्रीचा देह त्या नमुन्यासारखा असेल, असे मानण्याचे कारण नाही. शाहजहानच्या निष्ठेवर मात्र त्याने काही फरक पडलेला दिसत नाही.

मुमताज गेली ते वर्ष आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खन भीषण दुष्काळाने होरपळले. सुरतेहून आग्र्यास निघालेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी १६३० च्या अखेरीस याच वाटेने गेला. रस्त्याच्या कडेला पडलेल्या प्रेतांची वर्णने त्याने आपल्या रोजनिशीत केली आहेत. बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडले. बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटण्याची आज्ञा झाली. याच दुष्काळात देहूस तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, अशी आपली परंपरा सांगते. राजवाड्यात एक स्त्री बाळंतपणाने गेली, खेड्यात दुसरी भुकेने. आपल्या भाषेत स्त्रीच्या देहाविषयी जे शब्द आहेत ते अशा काळांतून आलेले आहेत, हे विसरता कामा नये.

ते शब्द जरा आठवून पाहावेत. ‘खात्यापित्या घरची’ हा आपल्याकडे स्तुतीचा शब्द होता. ‘अंगाने भरलेली’, ‘बाळसेदार’, ‘सुदृढ’ हेही गौरवाचेच. उलट ‘वाळकी’, ‘रोडावलेली’, ‘काडी’ हे शब्द उच्चारताना आवाजात काळजी असे किंवा कमीपणा. ज्या मुलखात पाऊस एक वर्ष चुकला की गावे ओस पडत, तेथे अंगावरचे मांस ही शिल्लक होती. धान्याच्या कणगीइतकीच ती डोळ्यांना सुखावत असे. सौंदर्याची आवड म्हणून आपण ज्याला मिरवतो, त्यात भुकेची आठवण मिसळलेली आहे.

मानसशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत याच दिशेने पुष्कळ शोध घेतला. आरंभ मात्र उलट दिशेने झाला. मूळचे भारतीय आणि अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात अध्यापन करणारे देवेंद्र सिंह यांनी १९९३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. स्त्रीच्या कमरेच्या घेराला नितंबाच्या घेराने भागले असता जो आकडा येतो, तो ०.७ च्या आसपास असेल तर ती आकृती पुरुषांना सर्वाधिक आकर्षक वाटते, असे त्यांचे म्हणणे. हे प्रमाण आरोग्याची आणि प्रजननक्षमतेची खूण असल्याने ही आवड मनुष्यजातीत मुरलेली असावी, अशी त्यांची उपपत्ती होती. सिंहकटीची वर्णने ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना ही गोष्ट पटकन पटते.

पण पाच वर्षांतच शंका उभी राहिली. १९९८ मध्ये दोन संशोधकांनी पेरू देशाच्या अरण्यात राहणाऱ्या मात्सिगेंका लोकांना तशाच आकृत्या दाखवल्या. बाहेरच्या जगाशी संबंध नसलेल्या पुरुषांनी बारीक कमरेची आकृती नापसंत केली आणि सरळ, भरीव आकृती निवडली. त्याच जमातीतील जे लोक शहरी जगाच्या जवळ येऊन राहिले होते त्यांची निवड मात्र शहरवासीयांकडे झुकत गेली होती. २००१ मध्ये टांझानियातील हाद्झा या शिकारी जमातीतही भरलेल्या देहालाच पसंती आढळली. २००५ मध्ये तर अमेरिकेत असे दिसले की, भोजनगृहात जेवायला जाणाऱ्या भुकेल्या तरुणांना, जेवून बाहेर पडणाऱ्यांपेक्षा किंचित अधिक वजनाची स्त्री आवडते. एका जेवणाने ज्या आवडीत फरक पडतो, ती केवळ जन्मजात कशी म्हणावी?

आपल्यासारख्या स्थलांतरित घराण्यांनी विशेष लक्षात घ्यावा असा एक अभ्यास २००६ चा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील झुलू लोकांना ब्रिटनमधील लोकांपेक्षा बऱ्याच जाड स्त्रिया आकर्षक वाटल्या. त्यांच्या गावी सडपातळ देह म्हणजे आजार किंवा दारिद्र्य. परंतु जे झुलू ब्रिटनमध्ये जाऊन स्थायिक झाले होते त्यांची आवड दोहोंच्या मधोमध आली होती. माणसाने गाव बदलले, आणि काही काळाने डोळ्यानेही गाव बदलले.

हे वाचताना मला आपल्या वाड्यांची आठवण झाली. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले आणि पुढे ते शिंद्यांकडे गेले. त्या काळात आणि त्यानंतर दक्षिणेतून कारकून, फडणीस, भिक्षुक, शिलेदार येथे आले. त्यांनी देव आणले, कुळाचार आणले, नऊवारी आणली, आणि सुंदर कोणाला म्हणावे याची आपली समजूतही आणली. येथे त्यांच्या भोवती खानदेशी, निमाडी, गुजराती, बोहरी अशी नाना तऱ्हेची माणसे होती. बाजारात तलम मलमल होती. सतराव्या शतकात तावेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने येथील पारदर्शक कापडाची आणि जरीच्या ओढण्यांची आवर्जून नोंद केली होती. नऊवारीत देहाचा घाट एका रीतीने दिसतो, घागरा-ओढणीत दुसऱ्या रीतीने. चार पिढ्यांनंतर आमची नजर पुण्याची राहिली नाही. ती पुरती निमाडचीही झाली नाही. तरीही सोयरीक जुळवताना आपण ती अनादि असल्यासारखी वापरतो.

डोळ्याला वळण लावणारे गुरू आपल्या डोळ्यांदेखत होऊन गेले आहेत. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघर भिंतींवर लागली. भरल्या अंगाची, गोल चेहऱ्याची, नीट चापूनचोपून साडी नेसलेली स्त्री हीच देवी आणि हीच सुंदरी, हे लहान मुलांच्याही मनावर ठसले. त्यानंतर आले बालगंधर्व. १९११ च्या ‘मानापमाना’तील भामिनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी पाहून महाराष्ट्रातील कुलीन स्त्रिया त्यांच्यासारखा शालू नेसू लागल्या, तशी फुले माळू लागल्या, तशा मान वळवू लागल्या. नारायण श्रीपाद राजहंस हे पुरुष. सिंहांच्या आकड्यातील कंबर त्यांच्यापाशी असणे शक्य नव्हते. तरी एका पिढीच्या मराठी स्त्रीसौंदर्याचा आदर्श त्यांनी घडवला, तो चालण्या-बोलण्याने, नेसण्याने आणि सुराने. पुढे देह स्थूल झाला तरी रसिकांची गर्दी ओसरायला पुष्कळ वर्षे लागली. जैनाबादच्या आंब्याखालचीच ही गोष्ट, निराळ्या रंगमंचावर घडलेली.

गुरू बदलला की धडाही बदलतो. फिजी बेटांवर भरदार देहाला मान होता. १९९५ मध्ये तेथील एका भागात दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर यांनी शाळकरी मुलींची तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये पाहणी केली. पहिल्या खेपेस वजन कमी करण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी एकही मुलगी आढळली नव्हती. तीन वर्षांनी शंभरात सुमारे अकरा आढळल्या. आज आपल्या नातींच्या हातातील दूरध्वनीवर त्याहून कितीतरी अधिक चित्रे रोज येत असतात.

आणखी एक जुनी खोड येथे सांगितली पाहिजे. रूपावरून आपण गुण ठरवतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त पुरुषांच्या आणि कन्यांच्या देहलक्षणांवर स्वतंत्र अध्याय लिहिले, पावलापासून केसांपर्यंत प्रत्येक अवयवावरून भाग्य सांगितले. हा प्राचीनांचा भोळेपणा म्हणून आपण हसतो. परंतु १९७२ मध्ये अमेरिकेत तीन संशोधक स्त्रियांनी विद्यार्थ्यांना केवळ छायाचित्रे दाखवून त्या माणसांचे स्वभाव विचारले, तेव्हा देखण्या माणसांना अधिक चांगला स्वभाव, अधिक सुखी संसार आणि अधिक यश बहाल करण्यात आले. लक्षणशास्त्र पोथीतून गेले, पण डोळ्यांतून गेलेले नाही.

आणि हा डोळा आरोग्याचीही पारख करतो असे म्हणावे, तर तेथेही तो फसतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचे प्रमाण दोघांचे अगदी सारखे, २२.३. पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेला भारतीय देह आतून चरबी बाळगून असतो आणि म्हणून मधुमेहाला लवकर बळी पडतो, हे त्यांना दाखवायचे होते. बारीक मुलगी निरोगी आणि भरलेली मुलगी आजारी, किंवा याच्या उलट, असे दिवाणखान्यात बसून सांगणाऱ्यांनी हे छायाचित्र एकदा पाहावे.

दिवाणखान्याचा विषय निघाला म्हणून घरची एक गोष्ट सांगतो. आमच्या आत्याआजींना पाहायला दक्षिणेकडून मंडळी आली होती. त्यांना चालायला लावले, केस सोडायला लावले, सुईत दोरा ओवायला लावला. जाताना निरोप आला : मुलगी वाळकी आहे, बाळंतपणे सोसायची नाहीत. तो नकार आत्याआजींनी म्हातारपणापर्यंत मनात ठेवला होता. चार मुलांची आई झाल्यावरही जेवताना कोणी ‘‘पुरे का?’’ म्हणाले तर त्या दचकत. त्याच घरातील नातवंडांच्या पिढीतली एक मुलगी, शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी. दोन वर्षांपूर्वी तिच्यासाठी स्थळ आले. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, घर वाखाणले, आणि चार दिवसांनी कळवले : मुलगी छान आहे, थोडे वजन उतरवले तर विचार करू. ती हसली. पण त्या दिवसापासून रात्रीचे जेवण तिने सोडले, ते तिच्या आईच्या लक्षात यायला महिना लागला.

एकाच घरात, साठ-सत्तर वर्षांच्या अंतराने, एकीला कमी भरल्याबद्दल आणि दुसरीला जास्त भरल्याबद्दल नाकारले गेले. नाकारणारी मंडळी दोन्ही वेळा सभ्य होती, आणि आपण निसर्गाचाच नियम सांगत आहोत असे त्यांना दोन्ही वेळा वाटत होते. पहिल्यांच्या मागे दुष्काळ उभा होता, दुसऱ्यांच्या मागे रोज दिसणारी चित्रे. आमच्याही घराने असेच निरोप कधीतरी दुसऱ्यांच्या मुलींना पाठवले असतील. त्यांची आठवण ठेवायला आमच्याकडे कोणी नाही, एवढेच.

आवड असणे हा दोष नाही, आणि कोणाला कोण आवडावे हे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण आपली आवड कोठून आली हे ठाऊक झाले, तर तिच्या नावाने दुसऱ्याच्या मुलीचा ताट-वाटीवरचा हात अडवण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबेल. आपल्या समाजातील स्थळे परस्परांच्या ओळखीने जुळतात. निरोप नेणारे-आणणारे आपणच असतो. बांध्याविषयीचा शेरा पुढे न नेण्याचे एवढे तरी आपल्या हाती आहे. आणि पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीनेही पाहावे, तिनेही विचारावे, याची मोकळीक प्रत्येक घर देऊ शकते.

‘मआसिर-उल-उमरा’त हिराबाईची आणखी एक हकिगत आहे. तिने एकदा मद्याचा पेला भरून औरंगजेबापुढे धरला. तो नको नको म्हणत होता. तिने आग्रह सोडला नाही. शेवटी त्याने पेला ओठांना लावला, तोच तिने तो हिसकावून घेतला. तुमच्या प्रेमाची परीक्षा पाहायची होती, एवढेच ती म्हणाली. दासी म्हणून जिची अदलाबदल झाली, जिला स्वतःला काय आवडत होते हे कोणी लिहून ठेवले नाही, तिने निदान एकदा पाहणाऱ्याची परीक्षा घेतली.

पुढच्या खेपेस आहूखान्यात कोणी पाहुण्यांनी विचारले, की त्या दिसायला कशा होत्या, तर मी ते ठाऊक नाही असे सांगणार आहे. मग आंब्याची आणि पेल्याची गोष्ट सांगेन. बरोबर मुली असतील तर त्यांना जवळ बोलावून सांगेन.